देवरावभाऊंचा पॉज

तमाम नाट्यरसिक, मंडईनिमित्त त्यांच्या घरी आलेले पाहुणे आणि त्या पाहुण्यांच्या मागोमाग न बोलावता आलेले पाहुणे यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकास एका मराठी चित्रपटाच्या चित्रीकरणस्थळावरून दोन वेळा जाहीररीत्या हाकलून देण्यात आले. पहिल्या वेळी बाजेखालून ओढून, दुसऱ्या वेळी बेशरमाच्या झुडपातून. गुन्हा दोन्ही वेळी एकच: दुसऱ्याचे संवाद म्हणणे. लेखकास तो मान्य आहे. गेली बावीस वर्षे तो हाच गुन्हा करून पोट भरतो.

मी झाडीपट्टीच्या नाटकांचा प्रॉम्प्टर आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे, म्हणजे पूर्व विदर्भात, धान कापून झालं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. उघड्या मैदानात स्टेज उभं राहतं आणि स्टेजच्या पुढे, बरोबर मधोमध, एक खड्डा खणतात. त्या खड्ड्यात मी बसतो. माझ्यासोबत नाटकाची वही, एक बल्ब, एक घोंगडी आणि थंडीला कंटाळलेला एखादा बेडूक. जमिनीच्या वर फक्त माझं डोकं. हजारो लोक माझ्या टकलाकडे पाठीमागून पाहत असतात आणि नट समोरून.

शहरातल्या लोकांना वाटतं, प्रॉम्प्टर म्हणजे नट विसरला तर आठवण करून देणारा माणूस. आमचा नट विसरत नाही, कारण त्यानं पाठच केलेलं नसतं. आज तो एका गावात बाप असतो, उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या नाटकात खलनायक, परवा साधू. मधल्या दिवसात त्याला शेतावर धानाची चुरणी, म्हणजे मळणी, करायची असते, म्हशीचं पाहायचं असतं. पाठांतर करणार कधी? म्हणून वाक्य मी आणतो. नट पहिलं बोलत असतो तेव्हा मी दुसरं त्याच्या कानात ठेवतो. ते पोचलं पाहिजे त्याला, पण दुसऱ्या रांगेला ऐकू जाता कामा नये. ही काही सोपी गोष्ट नाही. नटाला बक्षीस मिळतं, मला संधिवात मिळतो. तक्रार नाही, माहिती म्हणून सांगितलं.

आता देवरावभाऊ. पवनीजवळ, वैनगंगेच्या काठावरच्या गावचे धानवाले शेतकरी. तीस वर्षं रंगभूमीवर बापाचं काम करतात. सहा फूट उंची, छातीतून निघणारा आवाज, आणि रडायला लागले की पहिल्या रांगेतले जावईसुद्धा रुमाल काढतात. भाऊंना वाचता येतं. पेपर वाचतात, सातबारा वाचतात. पण संवादाचा कागद हातात दिला की माणूस गारठतो. मला म्हणायचे, "कागदावरचं मले चढत नाही गा, सुधाकर. कानातून गेलं का बरोब्बर उतरते." आणि उतरायचंही असं, की वाक्य मी सांगितलंय हे मीच विसरून जायचो.

आमच्या 'बापाची बोडी' नाटकात भाऊ सदाशिव पाटील करायचे. बोडी म्हणजे शेताला पाणी देणारा लहान तलाव. सदाशिवचा मुलगा ती बोडी एका माणसाला विकतो, ती बुजवून तिथं लग्नाचं लॉन होणार असतं. शेवटच्या प्रवेशात बाप बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, उभा राहून मुलाला जाब विचारतो. "बाळा, ज्या बोडीचे पाणी पिऊन तुझ्या पूर्वजांनी ही काळी माती सुवर्णमयी केली..." असं ते दीड पानी भाषण. होय, पुस्तकी आहे. आमच्या नाटकात गंभीर माणूस पुस्तकी बोलतो आणि आमची स्वतःची बोली आम्ही हास्यनटाला देतो. याची लाज मला पुढे वाटली. तेव्हा वाटत नव्हती.

नाकाडोंगरीच्या प्रयोगाला मुंबईचा एक चित्रपट दिग्दर्शक येऊन बसला होता. अद्वैत त्याचं नाव, वय पस्तिशीचं, अंगावर नवीन घोंगडी. शेवटचा प्रवेश आला. भाऊ पाळीवर उभे राहिले, "बाळा" म्हणाले आणि मी पान उलटायला गेलो तर पान उलटेना. आदल्या गावी कुणीतरी खर्रा, म्हणजे तंबाखूत घोटलेली सुपारी, खाऊन माझ्या वहीवर हात ठेवला होता. दोन पानं एकमेकांना अशी चिकटली होती, जशी नवी नवरानवरी. मी नखानं सोडवतोय, भाऊ वाट पाहताहेत, दूर कुठंतरी बघताहेत. संपूर्ण मैदान चिडीचूप. शेवटी पान सुटलं, मी वाक्य दिलं, भाऊंनी उचललं आणि बायका हमसून रडायला लागल्या.

नाटक सुटल्यावर अद्वैत धावत आला. डोळे पाणावलेले. "काका, तो पॉज! त्या शांततेत अख्खा शेतकरी उभा होता. मला या नाटकाची फिल्म करायची आहे. आणि बाप तुम्हीच."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी वही पाठीमागे लपवली. तेव्हा हेही जाहीर करतो, की त्या चित्रपटाचा मूळ जनक एक खर्ऱ्याचा डाग आहे. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही.

घरी भाऊंनी बातमी सांगितली तेव्हा पारबता वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "तीस वर्सं झाली, हा मानूस हिवाऱ्याचा घरी राहत नाही. एकदाचा सिनेमात गेला, का त घरी बसून पाह्यता तरी येईन." वहिनींनी भाऊंचं एकही नाटक शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं. गोठा, लेकरं, पाहुणे. भाऊंचं सारं मन तिथं अडकलं. "तिनं शेवटचा प्रवेश पाह्यला पाह्यजे, बस," मला म्हणाले. बाकी कीर्तीबिर्तीचं त्यांना काही नव्हतं.

साकोलीला एका लॉजमध्ये सगळा ताफा उतरला आणि नाटकाचा सिनेमा कसा करतात हे मला कळलं. आधी गाणी काढली. ऑर्गनवाला सकाळपासून ऑर्गन घेऊन लॉजच्या पायरीवर बसला होता, त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग हास्यनट काढला, कारण तो "टोन बिघडवतो". पाच तासांच्या नाटकातून साडेतीन तास काढले आणि उरलेल्यात म्हशी घातल्या. आमच्या नाटकात एकही म्हैस नव्हती आणि कोणाची तक्रार नव्हती. सिनेमात म्हैस पाण्यातून निघते, म्हैस पाण्यात जाते, म्हैस बघते. तेवढ्या वेळात आमचे दोन प्रवेश झाले असते. आणि क्रमाचा तर पत्ताच नाही. पहिल्या दिवशी सून माहेराहून परत आली, दुसऱ्या दिवशी मुलाचं लग्न लागलं, तिसऱ्या दिवशी त्याच मुलाला मुलगी पाहायला नेलं.

एवढं झाल्यावर आम्हाला आमची भाषा शिकवायला सुरुवात झाली. मृण्मयी नावाची सहायक होती, मुलगी गोड, पण आठ दिवस नागपुरात राहून आली होती. ती भाऊंना म्हणाली, "काका, 'जातो' नाही. 'जाऊन राहिलो' म्हणा."

भाऊ म्हणाले, "पन मी आता जाऊन नाही राहिलो ना बाई. मी उद्या जाईन."

"हो, पण ते जास्त इथलं वाटतं."

"इथलाच आहो मी," भाऊ म्हणाले. "वाटून कायले राहू?"

मी हसलो. पण त्या दिवशी संध्याकाळी संताप आला तो उतरेना. या लोकांना आमची बोली हवी होती, पण आम्ही बोलतो तशी नको होती. आणि खरं सांगायचं तर त्यांना तरी कोणत्या तोंडानं बोलणार? बावीस वर्षं बापाच्या तोंडात 'सुवर्णमयी' मीच घालत होतो ना.

तर बाजेचा प्रसंग. तोवर भाऊंना नुसतं चालायचं आणि बघायचं होतं, बोलायचं इथं पहिल्यांदा आलं. सदाशिव पाटील तापानं फणफणून बाजेवर पडला आहे आणि मुलाशी बोलतो आहे. कॅमेरा लागला. मी आधीच बाजेखाली जाऊन पालथा पडलो होतो, अंगावर रिकामं पोतं, हातात वही. आमचं काम सुरू झालं. तीन वाक्यं सुरेख गेली. तेवढ्यात कानाला यंत्र लावून बसलेला ध्वनिमुद्रक म्हणाला, "सर, बाज बोलते आहे."

अद्वैत म्हणाला, "करकरते का?"

"नाही सर. बाज डायलॉग म्हणते आहे. आणि काकांच्या आधी म्हणते आहे."

पोतं उचललं गेलं. दोघांनी माझे पाय धरून मला बाहेर ओढलं. अद्वैतनं भाऊंना विचारलं, "हे कोण?"

"माहा प्रॉम्प्टर आहे."

"काका, फिल्ममध्ये प्रॉम्प्टर नसतो."

भाऊंना खरोखर नवल वाटलं. "मंग नट कसा असते?"

सगळे हसले. भाऊंनी विनोद केला नव्हता.

मला सेटबाहेर काढलं आणि भाऊंच्या हातात कागद दिले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून भाऊंचं एक वाक्य धड झालं नाही. लांबून, दोरीच्या पलीकडून मी पाहत होतो. भाऊ तोंड उघडायचे, खाली जिथं मी असायला हवा तिथं पाहायचे आणि थांबायचे. हा तोच पॉज होता, ज्याच्यासाठी हा सिनेमा काढला होता! पण आता त्याला पॉज म्हणत नव्हते. आता त्याला "अडकले" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी लॉजच्या जिन्यात मृण्मयीचं फोनवरचं बोलणं माझ्या कानावर पडलं. कानाचाच धंदा आहे, काय करणार? मुंबईहून मालिकांमध्ये बापाचं काम करणारा एक नट शुक्रवारी येणार होता. गुरुवारी बोडीचा शेवटचा प्रवेश होता. भाऊंना तो जमला तर ठीक, नाही तर भाऊंचं झालेलं सगळं काम त्या नटाकडून पुन्हा करून घ्यायचं.

मी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "पारबतानं साऱ्या गावाले सांगून ठेवलं आहे."

आम्ही दोघे बोडीच्या पाळीवर जाऊन बसलो आणि मी ते दीड पानी भाषण त्यांच्या कानात ओतायला लागलो. दहा वेळा, वीस वेळा. तिसऱ्या वाक्यापुढे गाडी जाईना. मी चिडलो. "भाऊ, पोराटोरायले कविता पाठ होते, तुमाले काहून नाही होऊन राहिली?"

ते म्हणाले, "तुहं डोकं समोर दिसलं नाही, का मले नाटक सुरू झाल्यासारखंच नाही वाटत. तू उद्या राहा. दिसू नको, बोलू नको. फक्त राहा."

"बोलाचं नाही त राहून काय करू?"

"श्वास त घेशील ना? तेवढं पुरे."

मी त्यांना शब्द दिला. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही.

गुरुवारी मी दुपारपासूनच पाळीखालच्या बेशरमाच्या झुडपात जाऊन बसलो. ही वनस्पती आमच्याकडे तलावाकाठी न लावता वाढते, हाकलली तरी जात नाही. मला ती जागा योग्य वाटली. पानांतून भाऊंना दिसावी म्हणून टोपी काढून टक्कल तेवढं वर ठेवलं.

ऊन उतरलं. बोडीचं पाणी तांबूस झालं. भाऊ पाळीवर आले, माझं डोकं त्यांना दिसलं असावं, कारण खांदे सैल झाले. कॅमेरा सुरू. "बाळा" असं म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. ते त्या मुलाच्या कामातल्या पोराकडे बघून हळू म्हणाले, "विकली त विकली."

माझी वही मांडीवर तशीच राहिली. हे वाक्य वहीत नव्हतं.

"विकली त विकली, बापा. पन एक सांग मले. सकारी उठून मी आता कुठं जाऊ? लहान होतो तेवापासून तोंड धुवाले इथंच येतो. माहे केस पिकले, ते मले पान्यात पाहून समजलं. घरच्या आरशानं नाही सांगतलं. तुहं लगन जमलं, ते आधी इथं येऊन सांगतलं, मंग तुह्या मायले. आता तू इथं मांडव टाकशील, लोकं जेवतीन. जेवू दे. पन मले कोनी सांगाचं, का मी किती म्हातारा झालो?"

आणि ते थांबले.

बावीस वर्षांत असं काही माझ्या कानावर आलं नव्हतं. समोर ना खड्डा ना कागद, आणि आमचा गंभीर बाप आमच्या भाषेत बोलत होता. कोणी हसलं नाही. ध्वनिमुद्रकानं कानावरचं यंत्र दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

भाऊ पाण्याकडे पाहत उभे. एक श्वास. दोन. माझ्या धंद्यात एक नियम आहे: नट तीन श्वास गप्प राहिला की तो बुडतो आहे असं समजायचं आणि त्याला हात द्यायचा. हा नियम मला कुणी शिकवला नाही, तो हाडात मुरला आहे. तीन झाले. चौथ्याला माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलं नाही. कुजबुजसुद्धा नाही, उघड्या मैदानातल्या सवयीनं, पोटातून, खणखणीत:

"ज्या बोडीचे पाणी पिऊन तुझ्या पूर्वजांनी—"

बोडीवरचे बगळे उडाले. अद्वैत "कट" म्हणाला की किंचाळला, मला नक्की सांगता येणार नाही. मला झुडपातून काढलं तेव्हा भाऊ माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. अवघडलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं.

"मी अडकलो नव्हतो गा, सुधाकर," ते म्हणाले. "मी पाहून राहिलो होतो."

नाकाडोंगरीचा पॉज माझा होता, तो त्यांच्या नावावर खपला. हा त्यांचा स्वतःचा होता, तो मी मोडला.

अद्वैत म्हणाला पुन्हा करू. भाऊ म्हणाले, "आता नाही निघत. होतं ते गेलं." सूर्यही गेला होता. पण यंत्रात पाहिल्यावर अद्वैत खूश झाला. चित्र अप्रतिम होतं. शुक्रवारचा नट आला नाही, भाऊंचं काम टिकलं, आणि अडलेला बाजेचा प्रवेशही त्यांनी मग आपल्याच शब्दांत पार पाडला. आणि जाताना ध्वनिमुद्रक, भला माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाला, "काळजी करू नका. तुमच्या आधीचा त्यांचा सगळा आवाज स्वच्छ आहे. मी स्वतः ऐकला."

हे लक्षात ठेवा.

काही महिन्यांनी मृण्मयीचा फोन आला. शेवटच्या प्रवेशाचा आवाज मुंबईला दुसऱ्या नटाकडून पुन्हा भरून घेतला आहे, म्हणाली. "तुमच्या त्या ओरडण्यामुळे, काका."

मी म्हटलं, "ध्वनिमुद्रक तर म्हणाले, आधीचा स्वच्छ आहे."

ती म्हणाली, "आहे... पण खरखरीत वाटतो. बाहेरच्या प्रेक्षकांना कळत नाही. आम्ही शब्दही थोडे सोपे केलेत."

"मग भाऊंनाच बोलवायचं होतं."

"तिथे पडद्याकडे बघत, ओठ जुळवत, कागदावरून बोलावं लागतं. त्यांना जमलं नसतं."

"मी आलो असतो सोबत. खड्डा नको होता मला, टेबलाखाली बसलो असतो."

ती हसली. मी हसलो नाही. ज्या माणसाच्या शांततेवर तुम्ही भाळलात, ज्याचा चेहरा तुम्हाला हवा, ज्याच्या बोडीत तुम्ही म्हशी पोहवल्या, त्याचा घसा तेवढा तुम्हाला खरखरीत लागतो! नाटकाचा सिनेमा करा, गाणी काढा, हास्यनट काढा, माझं डोकं काढा, पण बापाच्या तोंडातून बापालाच काढायचं? आणि वर त्याचा ठपका झुडपातल्या माणसावर? ठपका खोटा आहे. पण त्यांना तो हाती आयता दिला कुणी, हेही मी जाणतो. म्हणून भाऊंना मी ते सांगितलं नाही. हिंमत झाली नाही.

सिनेमा आधी परदेशात दाखवला आणि मग साकोलीला, एका लॉनमध्ये पडदा लावून. होय, लॉनमध्येच. पवनीकडून दोन गाड्या भरून गाव आलं होतं. पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून पारबता वहिनी, शेजारी भाऊ, त्यांच्या पलीकडे मी. मागच्या रांगेत अद्वैत आणि त्याची माणसं.

म्हशी झाल्या. लग्न झालं. बाजेचा प्रवेश आला, तिथं भाऊंचा स्वतःचा आवाज होता. वहिनींनी पदर तोंडाला लावला. भाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "आता पाह्य. आता तो येते."

बोडी तांबूस झाली. पडद्यावर भाऊ पाळीवर आले. ओठ हलले. आणि एक गोल, रेशमी, तालमीत घोटलेला आवाज म्हणाला, "मी विचार करून राहिलो, बाळा, मी कुठं जाऊन राहिलो..."

भाऊंनी माझा हात धरला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला सांगायला एकही वाक्य सापडेना. सगळं लॉन गप्प. एक श्वास, दोन, तीन.

पारबता वहिनी खुर्चीवरून उठल्या, पडद्याकडे बोट केलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थोबाड आमच्या मानसाचं, अन् बोलून कोन राहिला?"